अटलांटिक किनारा व्हाया कॅलिफोर्निया

नऊ टीम्स आहेत. प्रत्येकीनं उरलेल्या आठ जणींशी दोन-दोनदा खेळायचं, एकदा आपल्या घरी, एकदा तिच्या घरी. एकूण मॅचेस किती? नऊ गुणिले आठ, बहात्तर. आठवड्यातून दोन दिवस खेळायचं, नऊ आठवडे खेळायचं, म्हणजे अठरा फेऱ्या. टीम्स विषम असल्यामुळे दर फेरीला एक जण घरी बसणार आणि चार मॅचेस होणार. चार गुणिले अठरा, पुन्हा बहात्तर. हिशोब चोख! कॅम्पस इंटरव्ह्यूत विचारतात तसलं कोडं वाटतंय ना?

पण नुसता हिशोब बसून भागत नाही. एकाच टीमच्या माथी लागोपाठ बाहेरच्या मॅचेसचा ढीग पडता कामा नये. वीकेण्डला घरी खेळायची संधी सगळ्यांना साधारण सारखी मिळायला हवी. टीव्हीवाल्यांना मोठ्या मॅचेस ठरावीक आठवड्यांत हव्या असतात. आणि ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना ही मॅच शेवटच्या फेरीतच हवी, नाहीतर लोक दगड मारतील. एवढ्या अटी घातल्या की हे कोडं जे काही चिघळतं की विचारू नका.

अमेरिकेतल्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं, म्हणजे एसीसीचं, १९९७-९८ च्या कॉलेज बास्केटबॉल सीझनचं हे कोडं जॉर्ज नेमहाउजर आणि मायकल ट्रिक ह्या दोन प्राध्यापकांनी इंटीजर प्रोग्रॅमिंग वापरून सोडवलं. नेमहाउजर जॉर्जिया टेकचे, म्हणजे त्या नऊ जणींपैकीच एकीचे. कॉन्फरन्सनं त्यांचं वेळापत्रक खरोखर स्वीकारलं आणि मुलं त्याप्रमाणे खेळली. १९९८ मध्ये त्यावरचा पेपर आला. पुढे २००१ मध्ये मार्टिन हेन्झ ह्या गृहस्थानं तेच कोडं कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंगनं एका मिनिटाच्या आत सोडवून दाखवलं. आधीच्या पद्धतीला साधारण एक दिवस लागत होता. ऑपरेशन्स रिसर्च शिकलेल्या माणसाला ही कथा म्हणजे पंढरीची वारीच.

मी काही वर्षं नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात, रिसर्च ट्रँगल पार्कच्या आसपास राहत होतो. तिथे मराठी मंडळी भरपूर. आणि तिथे राहून कॉलेज बास्केटबॉलपासून लांब राहणं म्हणजे गणपतीत पुण्यात राहून ढोल ऐकू न येणं. तेव्हापासून दर वर्षी हा सीझन बघतो. आणि दर वर्षी माझं एक मत पक्कं होत चाललंय. ते आज मांडून टाकतो.

मत असं: एसीसी नावाची लीग आता उरलेली नाही. नाव आहे, लोगो आहे, कमिशनर आहे, टीव्ही चॅनेल आहे. लीग नाही.

ज्यांना ह्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजांच्या टीम्स 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत वाटलेल्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात बाहेरच्यांशी खेळायचं, मग डिसेंबरअखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत मुख्यतः आपापल्या कॉन्फरन्समध्ये साखळी सामने. त्यानंतर कॉन्फरन्सची बाद फेरीची स्पर्धा. ती जिंकणाऱ्याला एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश, बाकीच्यांची निवड समिती करते. एसीसी १९५३ मध्ये सात कॉलेजांनी सुरू केली आणि त्याच वर्षी व्हर्जिनिया आठवी आली. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, वेक फॉरेस्ट, क्लेमसन, मेरीलँड, साउथ कॅरोलायना, सगळी एकमेकांच्या शेजारपाजारची. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ह्यांच्यात तर सोळा-सतरा किलोमीटरांचं अंतर. स्वारगेटहून निघून हिंजवडीला पोचायच्या आत एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात.

साउथ कॅरोलायना १९७१ मध्ये गेली, जॉर्जिया टेक आली, १९९१ मध्ये फ्लोरिडा स्टेट आली आणि नऊ झाल्या. २००४ पर्यंत नऊच होत्या आणि दुहेरी साखळी होती. सगळ्यांशी दोनदा. कुणाला सवलत नाही, कुणाला पळवाट नाही. तुमच्या घरी जिंकलो असेन तर माझ्या घरी या, नाहीतर मी येतो. सीझन संपला की गुणतक्ता बघायचा. त्यावर वाद घालायला जागाच नाही, कारण सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका होती.

मग एकेक पाहुणे यायला लागले. २००४ मध्ये मायामी आणि व्हर्जिनिया टेक. २००५ मध्ये बॉस्टन कॉलेज. झाल्या बारा. दुहेरी साखळी तिथेच मेली. २०१३ मध्ये सिरॅक्यूज, पिट्सबर्ग आणि नोत्र दाम. २०१४ मध्ये मेरीलँड, संस्थापकांपैकी एक, जास्त पैशांसाठी बिग टेनमध्ये निघून गेली आणि लुइव्हिल आली. आणि २०२४ मध्ये कळस झाला. डॅलसची सदर्न मेथडिस्ट आणि कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि कॅल. एकूण अठरा.

कॅलिफोर्निया. 'अटलांटिक किनारा' कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरचे दोघे. बॉस्टन कॉलेजहून स्टॅनफर्ड सरळ रेषेत साधारण ४,३०० किलोमीटर आहे. आपल्या अख्ख्या भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. उद्या कुणी 'कोकण किनारा लीग' काढून त्यात गुवाहाटीला घेतलं, तर आपण पोट धरून हसू. इथे मात्र भल्याभल्यांनी गंभीर चेहऱ्यानं पत्रकार परिषद घेतली.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? खेळ तर होतोय ना? तर खेळ कसा होतोय तेच बघू या.

अठरा टीम्सची दुहेरी साखळी म्हणजे अठरा गुणिले सतरा, ३०६ मॅचेस. प्रत्येकीला ३४. हे शक्यच नाही, पोरांना अभ्यासही असतो (निदान कागदावर). म्हणून २०२४-२५ मध्ये प्रत्येकीला २० मॅचेस दिल्या: तीन टीम्सशी दोनदा, उरलेल्या चौदांशी एकदाच. एकूण १८०. त्या सीझनला ड्यूक कुणाशी दोनदा खेळली? नॉर्थ कॅरोलायना, वेक फॉरेस्ट आणि मायामी. मायामी त्या वर्षी तक्त्यात तळाला होती. आणि ड्यूकच्या खालोखाल ज्या दोघी होत्या, लुइव्हिल आणि क्लेमसन, दोघींशी ड्यूक एकेकदाच खेळली. क्लेमसननं तर तिला आपल्या घरी हरवलं होतं. परतीची मॅच? नाही. शेड्यूलमध्ये बसत नव्हती.

ड्यूक १९-१, लुइव्हिल आणि क्लेमसन १८-२. सगळा फरक एका मॅचचा.

थांबा, लगेच बाह्या सरसावू नका. ड्यूकच त्या वर्षी सगळ्यांत भारी होती, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कूपर फ्लॅग नावाचा अठरा वर्षांचा पोरगा ज्या टीममध्ये होता तिनं पुढे कॉन्फरन्सची स्पर्धाही जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या चारांत गेली. माझा मुद्दा ड्यूक पहिली आली ह्यावर नाही. ड्यूक पहिली आली हे सांगायला गुणतक्त्याची गरज उरली नव्हती आणि तक्त्यात ते सिद्ध करायची ताकदही उरली नव्हती, ह्यावर आहे. टॉपला फरक मोठा असला की हे झाकलं जातं. मधल्या सात-आठ टीम्समध्ये एकेका मॅचनं क्रमांक वर-खाली होतात, तिथे कोण कुणाशी दोनदा खेळलं हा निव्वळ नशिबाचा भाग असतो.

आणि नशिबाचासुद्धा नाही. कारण २०२५-२६ साठी काय केलं बघा. मॅचेस वीसवरून पुन्हा अठरावर आणल्या. दोन टीम्सशी दोनदा, चौदांशी एकदा, आणि एकीशी अजिबात नाही. एकाच लीगमध्ये आहात, एकाच तक्त्यात आहात, आणि पूर्ण सीझनमध्ये समोरासमोर येतच नाही! १६२ मॅचेस खेळवल्या जातात आणि नऊ जोड्या कोऱ्या राहतात. ह्याला साखळी म्हणायचं असेल तर नऊ कड्या तुटलेली साखळी म्हणा.

कारण काय दिलं? तर राष्ट्रीय स्पर्धेत एसीसीच्या जास्त टीम्स जाव्यात म्हणून. २०२५ मध्ये ६८ जणींच्या त्या स्पर्धेत अठरापैकी फक्त चार गेल्या. शेजारच्या एसईसीच्या सोळापैकी चौदा. लाज वाटली असणार, ते समजू शकतो. पण उपाय बघा. एनसीएए २०१८-१९ पासून 'नेट' नावाचं रँकिंग वापरते. त्यात समोरच्याच्या दर्जावर तुमच्या विजयाची प्रत ठरते. घरी खेळताना पहिल्या ३० मधल्या टीमला हरवलं, किंवा तिच्या घरी जाऊन पहिल्या ७५ मधल्या टीमला हरवलं, तर तो पहिल्या प्रतीचा विजय. ह्याचा सरळ अर्थ असा की आपल्याच कॉन्फरन्समधल्या कमकुवत टीमशी खेळणं हा तोटा. मग त्या मॅचेस कमी करा आणि बाहेरच्या बड्या टीम्सशी खेळायला दोन तारखा मोकळ्या ठेवा.

म्हणजे घरातल्या गरीब भावाशेजारी पंगतीला बसलं की आपली पत घसरते, म्हणून त्याची पंगत वेगळी. हे ज्या घरात सुरू होतं ते घर वाटणीच्या वाटेवर असतं. वाटणीची पहिली बैठकही होऊन गेली. फ्लोरिडा स्टेटनं डिसेंबर २०२३ मध्ये आणि क्लेमसननं मार्च २०२४ मध्ये कॉन्फरन्सशी कोर्टात भांडण मांडलं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली ती अशी की टीव्हीच्या पैशाचा मोठा हिस्सा आता कुणाला किती प्रेक्षक बघतात ह्यावर वाटायचा. नव्या पाहुण्यांकडून तर प्रवेशाचीच किंमत घेतली गेली. स्टॅनफर्ड आणि कॅलला सुरुवातीची सात वर्षं साधारण तीस टक्केच वाटा, आणि सदर्न मेथडिस्टला नऊ वर्षं टीव्हीचा वाटाच नाही. एकाच तक्त्यातल्या टीम्स, आणि एकीच्या ताटात पक्वान्न, दुसरीच्या ताटात चतकोर.

२०२५ पासून कॉन्फरन्सच्या बाद फेरीचं दारही अर्धवट लावून घेतलंय. अठरापैकी पंधराच आत, शेवटच्या तिघी घरी. त्या वर्षी बाहेर राहिलेल्यांत एक होती नॉर्थ कॅरोलायना स्टेट. हीच ती टीम जी एकच वर्ष आधी, २०२४ मध्ये, दहाव्या क्रमांकावरून आली, पाच दिवसांत पाच मॅचेस जिंकली, उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध मायकल ओकॉनेलनं शेवटच्या क्षणी टाकलेला तीन गुणांचा बॉल फळीवर आपटून आत गेल्यामुळे वाचली, मग ड्यूकपाठोपाठ नॉर्थ कॅरोलायनालाही पाडून १९८७ नंतर पहिल्यांदा कॉन्फरन्स जिंकली आणि तिथून थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत गेली. ज्यानं ते पाच दिवस पाहिले तो जन्मभर विसरणार नाही. दहावी टीम आजच्या नियमातही आत येईलच, ते खरं. पण त्या आठवड्याचा सगळा अर्थच हा होता की दार सगळ्यांना उघडं आहे. मार्चमध्ये एकदा, एकाच शहरात, घरातले सगळे. तेवढंही आता जड झालं.

ह्याच सीझनमधली आणखी एक गंमत. २०२४-२५ मध्ये ड्यूकची टीम नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या घरी, रालेला, गेलीच नाही. दोन कॉलेजांत चाळीसेक किलोमीटर. बसनं अर्धा-पाऊण तास. एकदाच खेळल्या, ती ड्यूकच्या घरी. आणि त्याच सीझनला स्टॅनफर्डची पोरं तीन टाइमझोन ओलांडून ड्यूकच्या घरी येऊन हरून गेली. शेजारच्या गल्लीतल्याकडे जायला वेळ नाही, सातासमुद्रापलीकडचा मात्र हजर. रालेतल्या शाळकरी पोरानं वर्षभर वाट बघितली असेल, ड्यूक येईल आणि आपण घसा फुटेस्तोवर ओरडू म्हणून. त्याचं काय? तो कुठल्याच स्प्रेडशीटच्या रकान्यात नाही.

आता विरुद्ध बाजू. ती पोकळ नाही, म्हणून नीट ऐकू या.

पहिला आक्षेप: जुनं ते सोनं असं रडगाणं गाऊ नका. अगदी मान्य. जुन्या एसीसीत १९६५ पर्यंत एकही कृष्णवर्णीय बास्केटबॉल खेळाडू नव्हता. मेरीलँडचा बिली जोन्स पहिला. १९७४ पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत कॉन्फरन्समधून एकच टीम जायची, आणि ती बाद फेरीतून ठरायची. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात मेरीलँड नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून जादा वेळेत १०३-१०० अशी हरली आणि देशातल्या उत्तम टीम्सपैकी एक असूनही घरी बसली. जिंकलेली स्टेट पुढे राष्ट्रीय विजेती झाली. पुढच्याच वर्षी नियम बदलला, तो चांगलाच झाला. आणि खेळाडूंना तर अगदी परवापरवापर्यंत दमडी मिळत नव्हती. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात आणि २०२५-२६ पासून कॉलेजं वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर्सपर्यंत थेट खेळाडूंना देऊ शकतात. ह्यातलं काहीही मला परत नकोय. जुन्या घरातली एकच वस्तू चांगली होती, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. नेमकी तीच तुम्ही भंगारात काढलीत, असं माझं म्हणणं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: पैसा नसेल तर कॉन्फरन्सच मरते. पॅक-१२ बघा. शंभरेक वर्षांची परंपरा, आणि २०२३-२४ हा त्या बारा जणींचा एकत्र शेवटचा सीझन ठरला. यूसीएलए आणि यूएससीनं २०२२ मध्ये बिग टेनचा रस्ता धरला, मग रांग लागली, २०२४ मध्ये दहा जणी गेल्या आणि दोन उरल्या. स्टॅनफर्ड आणि कॅल त्याच पुरातून वाहत एसीसीच्या दाराशी आल्या. एसीसीनं वाढ केली नसती तर तिचीही तीच गत झाली असती.

असेल. पण तो पूर कुणाचा होता? बास्केटबॉलचा नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा, जो हातानं खेळतात. टीव्हीचे महाकाय करार प्रामुख्यानं फुटबॉलच्या जिवावर होतात. फुटबॉलची टीम कॉन्फरन्समध्ये वर्षाला आठ-नऊ मॅचेस खेळते, आठवड्याला एक, बहुधा शनिवारी. तिला चार वेळा देश ओलांडावा लागला तर गैरसोय होते, जीव जात नाही. बास्केटबॉलला आठवड्यात दोन मॅचेस, त्यातली एक कॉलेज चालू असताना मंगळवार-बुधवारी. फुटबॉलच्या मापाचा शर्ट शिवला आणि बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल सगळ्या पोरांना तोच घातला. बाह्या लोंबतायत म्हणून पोरांना हात वाढवायला सांगतायत!

दोन्ही खेळांना एकच नकाशा हवा असा काही दैवी नियम आहे का? नाही. आणि पुरावा एसीसीच्याच घरात बसलाय. नोत्र दाम २०१३ पासून एसीसीत बास्केटबॉल खेळते, पण फुटबॉलमध्ये सदस्य नाही. तिथे ती स्वतंत्र, स्वतःचा टीव्ही करार घेऊन. म्हणजे वेगळं करता येतं. दांडग्याला हवं तेव्हा लगेच करता येतं.

दुसरा पुरावा बिग ईस्ट. २०१३ मध्ये तिथल्या सात कॅथलिक कॉलेजांनी फुटबॉलवाल्यांशी सरळ काडीमोड घेतला, नाव स्वतःकडे ठेवलं, तीन नव्या टीम्स घेतल्या आणि दहा जणींची दुहेरी साखळी सुरू केली. लोक म्हणाले, संपल्या ह्या. २०२० मध्ये कनेटिकट परत आली, अकरा झाल्या, तरी दुहेरी साखळी कायम. प्रत्येकीला वीस मॅचेस, सगळ्यांशी दोनदा. निकाल? व्हिलानोव्हा २०१६ आणि २०१८ ची राष्ट्रीय विजेती. कनेटिकट २०२३ आणि २०२४ ची. २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत बिग ईस्टच्या अकरापैकी पाच गेल्या. एसीसीच्या अठरापैकी चार. आकड्यांवरच बोलायचं तर हे आकडे आहेत.

एसईसीचं काय, असं कुणीतरी म्हणणारच. सोळा टीम्स, दुहेरी साखळी नाही, तरी चौदा गेल्या आणि २०२५ ची विजेती फ्लोरिडा तिथलीच. बरोबर. मोठ्या कॉन्फरन्समध्ये चांगलं बास्केटबॉल होत नाही असं मी म्हणतच नाहीये. दर्जा पैशानं, प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी येतो. पण एसीसीनं एसईसीचा आकार उचलला आणि दर्जा काही आला नाही. म्हणजे लीगही गेली आणि जागाही गेल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

आता आपल्या धंद्याकडे येतो, कारण मला खरा राग तिथे आहे.

असल्या गोष्टींवर बोलायला लागलं की आपले सॉफ्टवेअरवाले मित्र लगेच म्हणतात, अरे, चांगला सॉल्व्हर लावला की होईल. अठरा टीम्स, तीन टाइमझोन, पस्तीस अटी, काही अवघड नाही. आणि खरंच होतं. सॉल्व्हर उत्तर देतो. सगळ्या अटी पाळलेल्या, एकही लाल रेघ नाही, सगळे खूष. पण सॉल्व्हर कधीच असं सांगत नाही की बाबा रे, तुझं कोडंच चुकलंय. 'सगळ्यांनी सगळ्यांशी दोनदा खेळायचं' ही अट १९९८ च्या त्या पेपरात अट नव्हतीच, तो मजकूर होता. बाकीच्या अटी त्याच्याभोवती. टीव्हीवाले तेव्हाही खोलीत होतेच, ड्यूक-नॉर्थ कॅरोलायना शेवटच्या फेरीत हवी हे कुणाला हवं होतं असं वाटतं? पण त्यांची मागणी समासात होती. आज समास पानभर पसरलाय आणि मजकूर तळटीपेत गेलाय.

हे आपण रोज करतो. क्लायंट येतो, म्हणतो एवढं हवंय. आपण विचारत नाही की कशाला हवंय. रात्री जागून ते वेगात पळवून दाखवतो आणि पाठ थोपटून घेतो. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर एका मिनिटात काढलं काय आणि एका दिवसात काढलं काय, उत्तर चुकीच्याच प्रश्नाचं असतं.

आणि हे अमेरिकेचं खूळ आहे, आपल्याला काय, असंही म्हणू नका. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, आठ टीम्स, दुहेरी साखळी, ५६ मॅचेस. सगळ्यांशी दोनदा. २०२२ मध्ये पुन्हा दहा टीम्स झाल्यावर प्रत्येकीला १४ मॅचेस आल्या: पाच जणींशी दोनदा, चौघींशी एकदा. नेट रनरेटच्या तिसऱ्या दशांश स्थळावरून आपण चहाच्या टपरीवर गळे काढतो, पण कुणाला कोण दोनदा आलं हे कुणीच विचारत नाही. दहाची लीग निम्मी वाकली. अठराची पूर्ण वाकली. वाढ कुठे थांबवायची हे ज्याला ठरवता येत नाही त्याचं असंच होतं.

नुसता राग काढून उपयोग नाही, म्हणून उपाय सांगतो. त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही, नववीचं गणित पुरतं.

अठरा म्हणजे नऊ अधिक नऊ.

पहिला गट: ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, नॉर्थ कॅरोलायना स्टेट, वेक फॉरेस्ट, व्हर्जिनिया, व्हर्जिनिया टेक, क्लेमसन, जॉर्जिया टेक, फ्लोरिडा स्टेट. ह्यातल्या आठ जणी १९९७-९८ च्या त्याच नऊमधल्या. मेरीलँडच्या जागी व्हर्जिनिया टेक, बस्स. दुसरा गट: बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम, लुइव्हिल, मायामी, सदर्न मेथडिस्ट, कॅल, स्टॅनफर्ड. प्रत्येक गटात दुहेरी साखळी. नऊच्या दुहेरी साखळीत ७२ मॅचेस, दोन गटांच्या १४४. प्रत्येकीच्या सोळा झाल्या. उरलेल्या दोन मॅचेस दुसऱ्या गटातल्या दोघींशी खेळा. त्या झाल्या एकूण अठरा. १४४ अधिक १८, किती?

१६२. म्हणजे २०२५-२६ मध्ये जेवढ्या मॅचेस ठेवल्या बरोब्बर तेवढ्याच. एकही मॅच जास्त नाही, एकही कमी नाही. टीव्हीला दाखवायला तेवढंच, आणि बदल्यात दोन खरे गुणतक्ते. त्यातला कुणीही उभा राहून म्हणू शकेल की मी माझ्या गटातल्या सगळ्यांशी त्यांच्या घरी जाऊन खेळलोय. ड्यूकला दर वर्षी रालेला जावंच लागेल. आणि मार्चमध्ये बाद फेरीला अठराच्या अठरा आत, दार सताड उघडं.

तोटे आहेत. दुसरा गट म्हणजे अठरापगड मंडळींची धर्मशाळा आहे, आणि स्टॅनफर्डच्या पोरांचा प्रवास काही थांबणार नाही. त्यांना खरा न्याय द्यायचा तर बास्केटबॉलपुरतं त्यांच्याच किनाऱ्यावर खेळू द्यायला हवं, नोत्र दामला फुटबॉलमध्ये दिलीय तशी मोकळीक. ड्यूक-लुइव्हिल दर वर्षी होईलच असं नाही. त्यानं काही प्रेक्षक घटतील आणि प्रेक्षकांवर पैसे वाटायचं ठरलेलं असल्यामुळे कुणाचा तरी हिस्सा घटेल. घटू दे. न्यायाला किंमत पडते. फुकट मिळाला असता तर तो कधीच झाला असता.

हे होईल का? मला विचाराल तर नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांच्यासमोर एसीसी नावाची लीग नाहीच, २०३६ पर्यंतचा टीव्ही करार आहे. पण मग निदान 'चॅम्पियन', 'सीझन', 'कॉन्फरन्स' हे शब्द वापरताना जरा जीभ चावा. ज्यात सगळे सगळ्यांशी खेळत नाहीत, सगळ्यांना सारखा वाटा नाही, सगळ्यांना दार उघडं नाही, त्याला आपल्याकडे एक साधा शब्द आहे. केबलवाला आला की आपण त्याला विचारतो तो.

पॅकेज.

असो. रविवार संपत आला, उद्या स्टँडअप आहे. तिथे कुणी नवी रिक्वायरमेंट घेऊन आलं की आधी विचारा, कशाला हवंय? मग सॉल्व्हर उघडा.